चाळीस फूट की चाळीस मीटर? कॉन्फिग फाइलची भाषा ठरवताना

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेली की धोका पातळी, हे नदीकाठच्या गल्लीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आता समजा, एक छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. दर पंधरा मिनिटांनी मापकाकडून पातळी घ्यायची, ४० ओलांडले की गल्लीतल्या लोकांना एसएमएस पाठवायचा, ४५ ला सायरन वाजवायचा. हे आकडे प्रोग्रामच्या पोटात लिहून ठेवले, तर चाचणीसाठी ४० चे ३० करायलाही प्रोग्रामरला गाठावं लागेल. म्हणून असे आकडे बाहेर एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतात. तीच कॉन्फिग फाइल, म्हणजे सरळ मराठीत सेटिंगची फाइल.

या फाइलीचे वाचक तिघे. एक लिहिणारा. दुसरा, सहा महिन्यांनी जुलैच्या पावसात रात्री दोन वाजता ती उघडणारा, ज्याने ती आधी कधी पाहिलेलीही नसते. आणि तिसरं यंत्र. माणसं अंदाजाने वाचतात, यंत्र नियमाने वाचतं. माणसाचा अंदाज आणि यंत्राचा नियम जिथे फारकत घेतात तिथे बिघाड होतो, आणि तोही बहुतेक वेळा गुपचूप. फाइलीची भाषा ठरवायची म्हणजे अशा जागा शोधून एकेक करून बुजवायच्या. दिसायला ती सुबक झाली तर उत्तम, पण ते नंतरचं काम.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना समोर ठेवू:

```
आवृत्ती = १

[कोयना]
विसर्ग_मर्यादा = ५०_००० क्युसेक

[सांगली]
ठिकाण = "आयर्विन पूल"
इशारा = ४० फूट
धोका = ४५ फूट
मोजणी_दर = १५ मिनिटे    # पूर असेल तेव्हा ५ करा

[सायरन]
चालू = हो
रात्र_सुरू = २२:३०
रात्र_संपते = ०५:३०

[संपर्क]
एसटीडी_कोड = "०२३३"
```

बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडचं नाव म्हणजे ‘की’, उजवीकडची ती ‘व्हॅल्यू’. चौकटी कंसातलं नाव म्हणजे विभाग. # नंतरचं सगळं माणसासाठी. यंत्र ते सोडून देतं. फाइल वाचून तिचे तुकडे पाडणाऱ्या प्रोग्रामच्या भागाला ‘पार्सर’ म्हणतात. वरच्या नमुन्यातल्या जवळपास प्रत्येक चिन्हामागे एक निर्णय आहे आणि बऱ्याच निर्णयांमागे आधीच्या कोणाला तरी लागलेली ठेच.

## आधीच्या पाच वाटा

विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांनी घराघरात पोचवलेली आयएनआय ही रीत वरच्या नमुन्याची आजी म्हणता येईल. विभाग, की, व्हॅल्यू, संपलं. तिची अडचण एकच: सगळ्यांनी मान्य केलेला नियमांचा कागदच तिला नाही. कोणी अर्धविरामाच्या चिन्हाने कमेंट सुरू करतं, कोणी # ने. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला आयएनआय वाचणारा भाग तर, सांगितलं नाही तर, रोमन लिपीतल्या सगळ्या की लहान अक्षरांत बदलून टाकतो. एकच फाइल दोन प्रोग्राम दोन तऱ्हांनी वाचतात.

एक्सएमएल १९९८ मध्ये आली. नियम चोख, पण प्रत्येक व्हॅल्यूला उघडणारी आणि बंद करणारी अशा दोन खुणा लागतात. कागदपत्रांसाठी ती ठीक आहे. हाताने सेटिंग बदलणाऱ्याला मात्र चाळीस हा आकडा शोधायला डोळे ताणावे लागतात.

डग्लस क्रॉकफर्ड यांनी रूढ केलेली जेसन नेमकी उलट: नियम इतके थोडे की एका पानावर मावतात. २००६ मध्ये तिचा पहिला आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा जाहीर कागद, निघाला, आणि सध्याचा, ८२५९ क्रमांकाचा, डिसेंबर २०१७ चा. दोन यंत्रांनी आपसात बोलायला ही भाषा फार चांगली. पण तिच्यात कमेंट लिहिता येत नाही. लोक कमेंटमध्ये पार्सरसाठी गुप्त सूचना लिहायला लागले होते, त्याने फाइलींचा एकसारखेपणा मोडला असता, म्हणून आपण कमेंट काढून टाकली, असं कारण क्रॉकफर्ड यांनी स्वतः दिलेलं आहे. यंत्रायंत्रांतल्या बोलण्यासाठी तो निर्णय बरोबरच होता. कॉन्फिगमध्ये मात्र ‘पूर असेल तेव्हा ५ करा’ ही ओळ कधी कधी आकड्याइतकीच मोलाची असते. शिवाय शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम चालत नाही. यादीच्या तळाशी एक ओळ वाढवायची तर वरच्या ओळीलाही हात लावावा लागतो, आणि तो विसरला की सगळी फाइल नापास.

यामल २००१ पासूनची, टॉमल २०१३ ची. टॉमल गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या संस्थापकांपैकी टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सुरू केली, तिची १.० आवृत्ती जानेवारी २०२१ ची. वरचा नमुना बराचसा तिच्या वळणाचा आहे. यामलला मात्र जरा थांबून पाहायला हवं.

## ०२३३ चे १५५ कसे होतात

यामल लिहायला सगळ्यात मोकळी. कंस नाहीत, अवतरण चिन्हं नसली तरी चालतात, ओळ आत सरकवली की रचना तयार. या मोकळेपणाची किंमत अशी: अवतरणाशिवाय लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याचा प्रकार पार्सर स्वतः ओळखायला जातो. हा आकडा, ही तारीख, हे हो-नाही, बाकी मजकूर. यामल १.१ ही आवृत्ती २००५ ची. पायथॉनचं लोकप्रिय यामल पॅकेज आजही तिच्याच नियमांवर चालतं, म्हणून तिचा हिशोब करून पाहू. (यामलला फक्त इंग्रजी आकडे समजतात, खालचे आकडे फाइलीत इंग्रजी आहेत असं धरा.)

सांगलीचा एसटीडी कोड ०२३३. यामल १.१ मध्ये शून्याने सुरू होणारा आणि ० ते ७ एवढेच अंक असलेला आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीने मोजलेला, मानतात. म्हणजे २ गुणिले ६४, अधिक ३ गुणिले ८, अधिक ३. उत्तर १५५. साताऱ्याचा ०२१६२ होतो ११३८. महाबळेश्वरच्या ०२१६८ मध्ये मात्र ८ आहे, तो अष्टमानात बसत नाही, म्हणून तो मजकूर म्हणून जसाच्या तसा सुटतो. एकाच यादीतले तीन कोड: दोन बिघडले, एक वाचला. ज्याने चाचणी फक्त महाबळेश्वरवर घेतली असेल, त्याला काही कळणारच नाही. २००९ च्या १.२ आवृत्तीत अष्टमानाची खूण बदलली. आता ०२३३ चे १५५ होत नाहीत, २३३ होतात. पुढचं शून्य तरीही गेलंच.

वेळेचं त्याहून गमतीशीर. १.१ मध्ये कोलनने जोडलेले आकडे साठ-साठच्या हिशोबाने वाचायची सोय होती. त्यामुळे २२:३० म्हणजे २२ गुणिले ६० अधिक ३०, अर्थात १३५०. पण त्या नियमाला पहिला अंक शून्य चालत नाही, म्हणून पहाटेचा ०५:३० मजकूरच राहतो. रात्र सुरू होण्याची वेळ आकडा आणि संपण्याची वेळ मजकूर! डॉकर या प्रोग्राम चालवायच्या साधनाच्या कंपोझ फाइलीत पोर्टची (कोलनने जोडलेल्या दोन क्रमांकांची) जोडी अवतरणात लिहा असं सांगतात, त्यामागे हाच साठचा नियम आहे.

आणि ऑन-ऑफ. १.१ मध्ये येस, नो, ऑन, ऑफ हे सगळे इंग्रजी शब्द हो-नाही समजले जातात. देशांच्या यादीत नॉर्वेचं दोन अक्षरी नाव ‘नो’ असल्यामुळे या दोषाला ‘नॉर्वेचा घोळ’ असं नावच पडलं आहे. आपल्याकडे तो पंपाच्या स्टार्टरवर सापडेल. समजा सेटिंगला तीन पर्याय आहेत: ऑन, ऑफ, ऑटो. पहिले दोन पार्सरने हो-नाहीत बदलले, तिसरा मजकूर राहिला. प्रोग्राम ‘ऑन’ हा शब्द शोधत बसतो, तो त्याला मिळत नाही, पंप गप्प.

आवृत्तीचा क्रमांक १.१० अवतरणाशिवाय लिहिला की तो दशांश होतो आणि १.१ बनतो. दहावी सुधारणा पहिली ठरते. हे दुखणं एकट्या यामलचं म्हणता येणार नाही. कोणत्याही भाषेत आकड्यासारखी दिसणारी, पण आकडा नसलेली गोष्ट उघडी ठेवली की हे होतं. पिनकोड, गट नंबर, बँकेचा खाते क्रमांक, गाडीचा नंबर: यांच्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही, म्हणून हे आकडे नाहीतच, अंकांत लिहिलेली नावं आहेत. खाते क्रमांक लांब असला तर आणखी एक धोका. बरेच प्रोग्राम जेसनमधले आकडे अशा साच्यात ठेवतात, की ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढे (दोनचा ५३ वा घात) प्रत्येक पूर्णांक नेमका राहीलच अशी खात्री नसते. सोळा-सतरा अंकी नंबराचा शेवटचा अंक त्यात बदलून जाऊ शकतो.

## प्रकार कोणी ठरवायचा

इथे तीन मार्ग आहेत. पहिला यामलचा: पार्सरने अंदाज करायचा. दुसरा मार्ग अंदाज पूर्ण सोडून देण्याचा. फाइलीत सगळं मजकूरच, कुठल्या कीची व्हॅल्यू आकडा आहे ते फक्त प्रोग्राम जाणतो. तिसरा असा की लिहिण्याच्या रूपावरून प्रकार ठरतो, पण ती रूपं मोजकी आणि कडक असतात, आणि मजकूर नेहमी अवतरणातच लिहावा लागतो. टॉमल या तिसऱ्या वाटेने जाते, आपला नमुनाही.

दुसरा मार्ग तत्त्वतः सगळ्यात स्वच्छ. पण तो तेव्हाच निभावतो, जेव्हा फाइल वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामकडे कोणत्या कीला काय चालतं याची पक्की यादी असते. ती यादी लिहायचा कंटाळा केला की ‘४०’ आणि ‘४५’ यांची तुलना मजकूर म्हणून होते, आणि मजकुराच्या हिशोबात ‘१००’ हे ‘४५’ च्या आधी येतं. पातळी १०० सेंटिमीटर आणि धोका ४५ असताना सायरन शांत. तिसऱ्या मार्गात अवतरण चिन्हं जास्त टाइप करावी लागतात, लिहिणारा कुरकुरतो. कुरकुरू द्यावं. अवतरण असेल तर मजकूर, नसेल तर पुढच्या चार रूपांपैकी एक, आणि यात न बसणारं काहीही म्हणजे चूक. हा नियम फोनवरून समजावता येतो, आणि रात्री दोन वाजता तोच उपयोगी पडतो.

ती चार रूपं: आकडा (हवं तर एककासह), वेळ, तारीख, आणि हो किंवा नाही. हो-नाहीला दुसरे समानार्थी शब्द नकोत. ‘होय’, ‘चालू’, ‘१’ असं काही लिहिलं तर पार्सरने समजून घेण्यापेक्षा अडवावं. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०१९-०८-०५ अशी. ०५-०८-२०१९ लिहिलं तर आपल्याकडे ती ५ ऑगस्ट, अमेरिकेत ८ मे. मोठ्या आकड्यात स्वल्पविरामाऐवजी खालची रेघ चालावी, आणि ती कुठेही दोन अंकांच्या मध्ये चालावी. टॉमलमध्ये तशी मुभा आहे, म्हणून तिथे १_५०_००० असं आपल्या लाखाच्या घरांप्रमाणे लिहिता येतं. स्वल्पविराम यादीतले घटक वेगळे करायला राखून ठेवायचा, नाहीतर १,५०,००० म्हणजे तीन घटकांची यादी होईल.

शून्याने सुरू होणारा उघडा पूर्णांक सरळ नाकारावा. जेसन आणि टॉमल दोन्ही तो नाकारतात. मग ०२३३ लिहिणाऱ्याला लगेच कळतं की इथे अवतरण हवं.

## एकक आकड्याला चिकटलेलं हवं

‘विसर्ग_मर्यादा = ५०_०००’. कशाचे पन्नास हजार? सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातलं कोयना धरण पाणी सोडतं तेव्हा बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये येतो, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. बऱ्याच तांत्रिक नोंदींमध्ये तोच सेकंदाला घनमीटरमध्ये असतो. एक घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट. पन्नास हजार क्युसेक म्हणजे सुमारे १,४१६ घनमीटर प्रति सेकंद. एकक चुकलं तर मर्यादा पस्तीस पट हुकते. अशा घोळात नासाचं मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी गमावलं. जमिनीवरचा एक प्रोग्राम पाउंडांत हिशोब देत होता आणि दुसरा तो न्यूटनमध्ये समजत होता.

प्रचलित भाषांपैकी जेसन, यामल, टॉमल यांच्यात एकक लिहायची सोयच नाही. लोक मग ते कीच्या नावात घालतात: ‘विसर्ग_मर्यादा_क्युसेक’. हेही वाईट नाही, आणि तयार भाषा वापरायची असेल तर तेच करावं. पण स्वतःची भाषा ठरवत असाल तर एकक व्हॅल्यूत ठेवणं जास्त सोयीचं. कोणी ‘१२.२ मीटर’ लिहिलं तरी प्रोग्राम फुटांत बदलून घेईल. एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. नियम दोनच. जिथे एकक अपेक्षित आहे तिथे नुसता आकडा म्हणजे चूक. ‘बहुधा फूटच असेल’ असं मनाने धरायचं नाही. आणि एककांची यादी बंद असावी. ‘मिनिट’, ‘मिनिटे’, ‘मिनिटं’ ही तिन्ही रूपं यादीत घ्यावीत, कारण मराठी माणूस तिन्ही लिहितो. ‘फुट’ असं ऱ्हस्व लिहिलं तर नाकारावं, पण ‘फूट म्हणायचं आहे का?’ असं विचारून.

एककाने सगळं सुटत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. आयर्विन पुलाचे ४५ फूट पुलाजवळच्या मापकाच्या शून्यापासून मोजलेले असतात. सांगलीकरांच्या तोंडी असलेली अलमट्टी धरणाची ५१९.६० मीटर ही पातळी समुद्रसपाटीपासूनची. दोन्ही लांबीचीच एककं, पण एकातून दुसरं वजा केलं तर उत्तराला काही अर्थ उरत नाही. पार्सर हे पकडू शकत नाही. इथे कीचं नावच लांब ठेवावं लागतं: ‘पातळी_समुद्रसपाटीपासून’. भाषेच्या नियमांनी जे साधत नाही ते नावांनी साधायचं.

## नागरीत की लिहायच्या असतील तर

टॉमल १.० मध्ये अवतरणाशिवाय की लिहायची तर रोमन अक्षरं, इंग्रजी अंक, खालची रेघ आणि आडवी रेघ एवढंच चालतं. ‘इशारा’ लिहायचं तर अवतरणात. यामल आणि जेसनमध्ये नागरी की चालते, पण चालणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं.

कऱ्हाड घ्या. कोयना आणि कृष्णा जिथे भेटतात ते गाव. सांगलीच्या वरचं म्हणून पुराच्या फाइलीत त्याचा विभाग येणारच. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे ऱ, हलन्त, ह. दुसरी जुनी तऱ्हा: साधा र, हलन्त, त्यानंतर रुंदी नसलेला अदृश्य जोडक, मग ह. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’च दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, अशा दुहेरी लिखाणाला एकरूप करायची प्रमाण रीत आहे, तिला एनएफसी म्हणतात. र आणि खालचा नुक्ता असं तुटक लिहिलेलं ती जोडून ऱ करते. पण जोडकवाली तऱ्हा तिच्या हाती लागत नाही. तसंच ‘ऑगस्ट’. एक सबंध ऑ, किंवा आ वर वेगळी चंद्राची खूण. जुन्या फॉन्टमधून बदलून आलेल्या मजकुरात हा दुसरा प्रकार सर्रास सापडतो. ‘ॲप’मधल्या ॲ चं तेच. या जोड्या एनएफसीने एक होत नाहीत. म्हणून नागरी कीसाठी पार्सरने आधी एनएफसी लावावं, मग या तीन जोड्या स्वतःहून एकाच रूपात आणाव्यात, आणि त्यानंतरही कीमध्ये अदृश्य चिन्ह उरलं तर चूक दाखवावी. ‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ एकच गाव आहे हे मात्र पार्सरने समजायला जाऊ नये, ते काम प्रोग्रामच्या यादीचं.

कोलनऐवजी बरोबरचं चिन्ह का, याचं उत्तरही इथेच आहे. नागरीतला विसर्ग आणि कोलन दिसायला जुळे. मराठीत टाइप करणारा नकळत कोलनच्या जागी विसर्ग देतो आणि ‘दुःख’ लिहिताना कोलन. ‘इशाराः ४०’ अशी ओळ यामलच्या पार्सरला दिली तर त्याला ती की वाटणारच नाही. बरोबरच्या चिन्हाला असा जुळा भाऊ नाही. वेळेत कोलन टाळता येत नाही, म्हणून २२ः३० असं दिसलं की पार्सरने ‘इथे विसर्ग आहे, कोलन हवा’ असं सरळ सांगावं. वर्तमानपत्री सवयीने ‘१०.३०’ अशी बिंदूची वेळ आली तर तीही नाकारावी. ती घेतली तर एके दिवशी दशांश म्हणून १०.३ होईल.

आकडे नागरी चालावेत का? चालावेत, पण एका आकड्यात दोन्ही लिप्यांची मिसळ नको. नागरी शून्य आणि इंग्रजी शून्य डोळ्याला सारखेच, ‘४०’ मधलं शून्य कुठलं ते कळत नाही. प्रोग्रामिंगच्या भाषांवर हे सोडून देऊ नये. पायथॉन नागरी ‘१२’ मजकुराचा बारा हा पूर्णांक आपणहून करतो, जावास्क्रिप्ट ‘हा आकडा नाही’ म्हणते. नियम तुमच्या भाषेच्या कागदात लिहिलेला हवा.

फाइल यूटीएफ-८ मध्येच (युनिकोडची चिन्हं बाइटांत लिहायची एक रीत) असावी, दुसरा पर्याय ठेवू नये. त्यात नागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एक खोड लक्षात ठेवा: विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलं की फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट बसतात. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून ते आपोआप बसत नाहीत, पण जुन्या मशीन तालुक्यातालुक्यांत अजून आहेत. पार्सरने ते बाइट सुरुवातीला दिसले तर गुमान सोडून द्यावेत, नाहीतर पहिल्या ओळीत ‘आवृत्ती’ डोळ्यासमोर असताना ‘आवृत्ती सापडत नाही’ अशी तक्रार येते. वर्डमधून किंवा आयफोनवरून चिकटवलेल्या मजकुरात सरळ अवतरणांची वाकडी होतात. तिथे मात्र चूक दाखवून थांबावं, कारण मजकूर नेमका कुठे संपतो याचा अंदाज करणं पुन्हा तीच जुनी वाट.

## आत सरकवायचं की कंस घालायचे

यामलमध्ये ओळ किती आत सरकली त्यावर ती कोणाची हे ठरतं, आणि सरकवायला टॅब चालत नाही, फक्त मोकळ्या जागा. फोनवरून पाठवताना, चिकटवताना त्या जागा हलल्या की ‘धोका’ सांगली सोडून कोयनेच्या विभागात जाऊन बसतो, आणि फाइल तरीही वैध असते. विभागाचं नाव चौकटी कंसात लिहिणारी रीत खोल रचनेला गैरसोयीची आहे, पण कॉन्फिगला दोन-तीन पातळ्यांहून खोल जायची गरज पडली तर बहुधा फाइलच चुकीची आखली आहे. प्रत्येक सेटिंग स्वतंत्र ओळीवर असली की कोणी काय बदललं ते गिटमध्ये (फाइलीतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) एका ओळीत दिसतं, हा वरचा फायदा.

एकच की दोनदा आली तर? जेसनच्या आरएफसीत नावं एकमेव असावीत असं म्हटलंय, पण सक्ती नाही, आणि बरेच पार्सर शेवटची व्हॅल्यू निमूट उचलतात. वर ‘धोका = ४५ फूट’ आणि चाळीस ओळींनी खाली कोणी चाचणीचं ‘धोका = ६० फूट’ विसरलेलं. टॉमलप्रमाणे ही चूकच मानावी आणि दोन्ही ओळींचे क्रमांक दाखवावेत.

मागे उल्लेखलेला मजकूर पुन्हा वापरायची सोय, फाइलीत दुसरी फाइल ओढायची सोय, अटी, लूप: हे सगळं मागणारे लोक भेटतील. यामलमध्ये एखाद्या भागाला नाव देऊन तो पुन्हा वापरता येतो. दहा-दहा वेळा एकमेकांना बोलावणारे असे नऊ थर रचले तर काही ओळींच्या फाइलीतून शंभर कोटी घटक उभे राहतात आणि मशीन गुदमरतं. छोट्या भाषेला यातलं काहीही नको. गरज खरीच असेल तर फाइल तयार करणारा वेगळा प्रोग्राम लिहावा, आणि त्याने साधी फाइल काढून द्यावी.

## चूक कशी सांगायची

बहुतेकांचा भाषेच्या नियमांशी पहिला परिचय चुकीच्या संदेशातूनच होतो. ‘बाइट ४१२ वर अनपेक्षित चिन्ह’ याने कोणाचं भलं होत नाही. ‘सातारा’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, युनिकोडच्या मोजणीत सहा चिन्हांचा आणि बाइटच्या मोजणीत अठरांचा. नागरीत ‘अठरावा रकाना’ म्हणजे नेमकं काय, हे लिहिणाऱ्याला उमगणार नाही. म्हणून रकाना सांगायच्या ऐवजी ओळच छापावी:

```
ओळ ८: इशारा = ४०
‘इशारा’ला एकक हवं. चालणारी एककं: फूट, मीटर, सेंटिमीटर.
उदाहरण: इशारा = ४० फूट
```

ओळ कुठली, तिथे काय आहे, काय हवं होतं, दुरुस्ती कशी दिसेल. पहिल्या चुकीवर न थांबता सगळ्या चुका एकदम द्याव्यात. नाहीतर माणूस दहा वेळा फाइल उघडतो. ओळखीची नसलेली की (‘ईशारा’ असं दीर्घ) दुर्लक्षित करू नये. तिची तक्रार झाली नाही, तर प्रोग्राम मूळ इशारा पातळीशिवाय चालू राहतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

नियमांचा कागद लिहिताना व्याकरण एबीएनएफसारख्या ठरलेल्या पद्धतीने लिहावं, आणि त्याबरोबर दोन थैल्या ठेवाव्यात: ज्या फाइली चालल्याच पाहिजेत त्यांची, आणि ज्या नाकारल्याच पाहिजेत त्यांची. दुसरी थैली पहिलीपेक्षा मोठी असली पाहिजे. या लेखात आलेलं प्रत्येक उदाहरण, ०२३३ पासून विसर्गापर्यंत, तिच्यात टाका. फाइलीच्या माथ्यावरची ‘आवृत्ती = १’ ही ओळ आज निरुपयोगी वाटेल; नियम बदलायची वेळ आली की जुन्या फाइली जुन्या नियमांनी वाचायला दुसरा मार्ग नसतो.

प्रोग्रामने या फाइलीत स्वतःहून कधी लिहू नये. लिहिताना कमेंट गळून पडतात, क्रम बदलतो. शेवटची मोजलेली पातळी, पाठवलेले एसएमएस वगैरे त्याच्या स्वतःच्या वेगळ्या फाइलीत जाऊ देत. कॉन्फिग माणसाची.

आणि चालू प्रोग्रामला नवी फाइल देताना आधी ती पूर्ण वाचून, सगळ्या तपासण्यांतून काढून, मगच जुनी सोडायची. पूर चढत असताना कोणी मोजणीचा दर १५ वरून ५ करायला गेलं आणि ‘मिनिटे’ लिहायला विसरलं, तर प्रोग्रामने बंद पडायचं नाही, अर्धी नवी अर्धी जुनी सेटिंगही घ्यायची नाहीत. जुन्या १५ मिनिटांवरच चालत राहून, बदल करणाऱ्याच्या पडद्यावर आणि एसएमएसनेही कळवायचं: नवी फाइल नाकारली, ओळ १०, एकक नाही, जुनी सेटिंग चालू आहेत.